घराच्या आवारातून जमीन फाटली, तरी घर उभं राहिलं! जपानच्या आवाजी बेटावर नेमकं काय घडलं होतं?

१७ जानेवारी १९९५. पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटं. जपानच्या कोबे शहराला हादरवणारा भूकंप झाला आणि ६,४०० हून जास्त लोकांचा जीव गेला. नाव कोबेचं झालं, पण जमीन उघड्यावर फाटली ती समोरच्या आवाजी बेटावर. शेतांतून, बांधांवरून, रस्त्यांवरून सुमारे १० किलोमीटर भेग पडली. काही ठिकाणी जमिनीची एक बाजू दुसरीच्या तुलनेत दीड-दोन मीटर सरकली.

या भेगेला नोजिमा भ्रंश म्हणतात. भ्रंश म्हणजे खडकातली जुनी चीर. तिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकायला बघतात, पण एकमेकांत अडकून बसतात. पावसाळ्यात फुगलेलं दार कसं, ढकलून ढकलून हलत नाही आणि मग एकदम धाडकन उघडतं, तसंच हे. फक्त इथे जोर शेकडो-हजारो वर्षं साठत असतो. तेव्हा बेटाला जोडणाऱ्या आकाशी पुलाचं काम चालू होतं. त्याचे दोन मुख्य मनोरे या धक्क्याने जवळपास एक मीटर लांब गेले!

भेग एका घराच्या आवारातूनही गेली. कुंपणाची भिंत तुटून बाजूला सरकली, पण घर पडलं नाही. ते काँक्रीटचं होतं, पाया पक्का होता. आज ते घर आणि भेगेचा १४० मीटरचा भाग संग्रहालयात जपून ठेवलाय.

मग माणसं मेली कशाने? भेगेत पडून नाही. बहुतेक जण घराखाली दबून गेले. जुनी लाकडी घरं, वर मातीची जड कौलं. वादळात छप्पर उडू नये म्हणून जड ठेवलेलं, तेच अंगावर आलं. आपल्या किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हेच झालं होतं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली.

भ्रंशाजवळच्या होकुदान गावात ३९ जण गेले. पण ढिगाऱ्याखालच्या सुमारे ३०० जणांना गावकऱ्यांनी आणि गावच्याच स्वयंसेवी अग्निशमन दलाने बाहेर काढलं. कोणत्या घरातली आजी कोणत्या खोलीत झोपते, हे शेजाऱ्यांना पाठ होतं. त्यामुळे सगळं घर उपसत बसावं लागलं नाही, नेमकं तिथेच खणलं. संध्याकाळपर्यंत गावातलं एकही माणूस बेपत्ता उरलं नव्हतं.