सुतारकाम : एकट्याने न चालणारा धंदा

'सुतासारखा सरळ' असे आपण बोलताना सहज म्हणून जातो. हे सूत कापडाचे नव्हे, सुताराचे. गेरूच्या पाण्यात बुडवलेला दोरा फळीवर ताणून धरायचा, मधोमध चिमटीत उचलून सोडून द्यायचा, की लाकडावर तांबडी सरळ रेघ उमटते. त्या रेघेवर करवत चालते. सुतार हे नावच मुळी या सुतावरून आले. संस्कृतात त्याला सूत्रधार म्हणत. आपल्या वऱ्हाडात त्याला वाढई असेही म्हणतात. आता या सुताची एक साधी गोष्ट बघा. ओंडका लांब असला म्हणजे दोरा ताणायला दोन माणसे लागतात. एकाने या टोकाला धरायचे, दुसऱ्याने त्या. सुतारकाम हा एकट्याने न चालणारा धंदा आहे, आणि नेमकी हीच गोष्ट आज विसरली जात आहे. तिच्याविषयी थोडे सांगायचे आहे.

बुलढाणा जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या. घाटावरचे, चिखली-मेहकरकडचे असो, की घाटाखालचे, नांदुरा-मलकापूरकडचे. आखाजी आली की जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते आणि यंदा पाऊसपाणी कसे, याचे भाकीत ऐकायला माणसे जमतात. जुन्या काळी त्याच सुमारास दुसरी गर्दी गावोगाव सुताराच्या मांडवात जमायची. कोणाच्या वखराची दांडी मोडलेली, कोणाच्या तिफणीचा फण सैल झालेला, कोणाला नवे जू हवे. "वाढईबुवा, मिरग तोंडावर आला, मले तिफन कवा देता?" हा प्रश्न दिवसातून दहादा व्हायचा. आपली पाळी येईपर्यंत शेतकरी तिथेच बसत. बसल्या बसल्या बैलांचे भाव निघत, सोयरिकी निघत, आणि हात मात्र सुताराला लाकूड धरू लागत. सुताराचे काम सारे उघड्यावर. कोण काय करतो, कसे करतो, हे पोराटोरांनाही दिसे.

या उघडेपणाचा एक फायदा असा होता की गावाचे माप एक राहत असे. तिफणीचेच उदाहरण घ्या. तिला तीन फण असतात. दोन फणांत किती अंतर ठेवायचे ते पिकावर ठरते. त्या अंतराने पिकाच्या ओळी पडतात. पुढे पीक वीतभर वर आले की त्या ओळींमधून डवरा चालवायचा असतो. डवऱ्याची पास ओळींतल्या अंतराहून थोडी आखूड हवी. लांब झाली तर तण राहील बाजूला आणि पीकच कापले जाईल. फार आखूड झाली तर कडेचे तण तसेच राहील. म्हणजे तिफण एका सुताराची आणि डवरा दुसऱ्याचा असला, तरी दोघांचे माप जुळलेच पाहिजे. पूर्वी २४ तसूंचा १ गज धरीत. गज कोणाच्याही हातात असो, ज्ञान मात्र सगळ्या गावाच्या सामाईक मालकीचे होते.

तीच गोष्ट लाकडाची. कोणत्या कामाला कोणते लाकूड, हे शास्त्र पुस्तकात नव्हते. एकाने दुसऱ्याला सांगून ते टिकले. बाभूळ कठीण आणि चिवट, म्हणून नांगराला आणि गाडीच्या चाकाला ती. धावडा वाकेल पण सहसा मोडणार नाही, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा. तिवस अवजारांना चांगला. अंजन वजनाला भारी आणि कठीण, म्हणून तो खांबाला. सागाच्या अंगात तेल असते, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि तो फार वाकडातिकडाही होत नाही. म्हणून दारे, खिडक्या, पेट्या सागाच्या. बाभळीचे ओंडके कित्येक दिवस पाण्यात भिजत टाकण्याची रीत होती. त्याचे कारणही आज सांगता येते. लाकडातला पिठूळ अंश पाण्यात निघून जातो आणि मग पोखरणाऱ्या किड्यांना खायला उरत नाही.

आणि बैलगाडीचे चाक! सुतारकीची खरी परीक्षा त्यात होती. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर वाटोळ्या कडेचे पुठ्ठे. बारा आऱ्यांचे चाक असले तर एकेका पुठ्ठ्यात दोन आरे, असे सहा पुठ्ठे. या साऱ्यावर शेवटी लोखंडी धाव चढवायची. ती मुद्दाम चाकाहून किंचित लहान करतात. मग तिच्याभोवती गोवऱ्या रचून ती लाल होईस्तोवर तापवतात. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर साडेपंधरा फुटांहून थोडा जास्त भरतो. तेवढे लोखंड ५०० अंशांनी तापले की सुमारे एक इंच वाढते. तेवढ्या एका इंचाच्या संधीत चार-सहा जणांनी सांडशींनी धाव उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आकसते, सगळे सांधे करकरून आवळले जातात. खिळा नाही, सरस नाही. यात सुतार हवा, लोहार हवा, पाणी ओतणारे हवेत, आणि सगळ्यांचा क्षण एक हवा. एकटा कितीही हुशार असो, त्याला धाव चढवता येणार नाही.

आता, जुने ते सगळे सोने होते असे मात्र कोणी समजू नये. सुतार बलुतेदार होता. वर्षभर कामे करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचे, अशी व्यवस्था. त्यात पोटाची हमी होती, पण मोकळीक नव्हती. पीक बुडाले की त्याचेही बुडाले. चांगले काम केले म्हणून चार पायल्या जास्त मिळतील असे नव्हते. शिवाय सुताराचा मुलगाच सुतार व्हायचा. दुसऱ्या कोणाला हौस असली तरी हत्याराला हात लावायची सोय नव्हती. ज्ञान गावासमोर उघडे होते खरे, पण शिकण्याचे दार जातीपुरतेच उघडे होते.

ती घडी हळूहळू मोडली. १८६७ साली भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे गेली, १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला. कापूस स्टेशनवर न्यायला गाड्या लागू लागल्या आणि काही काळ सुताराचे काम उलट वाढलेच. पण १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर गावोगाव पोचले. पुढे गाडीला रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आला. आज जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा आहे आणि तो बहुतेक ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने होतो. अवजारांचे काम गेले, ते दारे, खिडक्या, पलंग, कपाटे आणि देव्हाऱ्यांवर आले. त्यातही प्लायवूड आणि कारखान्यातला तयार माल आला. सुतार मांडवातून उठून दुकानाच्या शटरआड गेला. काम करताना त्याला कोणी पाहीना, आणि तोही कोणाला पाहीना.

यात बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. एक साधे उदाहरण देतो. पुष्कळ घरांत नवे दार आषाढात फुगून अडते आणि चैत्रात त्याच्या सांध्यातून उजेड दिसतो. दोष सुताराच्या हाताचा नसतो, लाकूड ओले असते. ताज्या लाकडातले पाणी सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागले की लाकूड आकसायला लागते. ते लांबीला जवळजवळ आकसत नाही, रुंदीला आकसते. आणि वलयांच्या अंगाने जितके आकसते त्याच्या निम्मेच गाभ्याकडून सालीकडे आकसते. म्हणून फळी वाकते. उपाय जुनाच आहे. फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा थप्पीने रचायच्या, टोकांना डांबर किंवा रंग लावायचा आणि पाणी १२ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थांबायचे. एक इंच जाडीला एक वर्ष, असा जुना अंदाज. शिवाय दाराच्या चौकटीतली मधली फळी खिळ्यासरसाने जखडायची नाही. खाचेत मोकळी ठेवायची, म्हणजे तिला फुगायला-आकसायला जागा राहते.

हे ज्ञान काही गुपित नाही. पण एकट्या सुताराला ते परवडत नाही! वर्षभर लाकूड रचून ठेवायला पैसा हवा, जागा हवी. परतवाड्याला किंवा बल्लारशाहला सरकारी आगारात लाकडाचे लिलाव होतात, तिथे ढीगच्या ढीग घ्यावा लागतो. एकटा माणूस तिथे कसा उभा राहील? तो आठवड्याच्या कामापुरते, मिळेल ते, मिळेल त्या भावाने घेतो. गिऱ्हाईक घाई करते, तो ओलेच लाकूड वापरतो. दार अडते. मग गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्रीपेक्षा लोखंडी दार बरं." आणि पुढच्या वेळी ते सुताराकडे येतच नाही. सुताराचे पोर हे बघते आणि पुण्या-सुरतेची गाडी पकडते.

म्हणून सांगायचे ते हे, की सुतारांनी एकमेकांना पुन्हा दिसू लागले पाहिजे. चार-पाच गावांतल्या दहा जणांनी एकत्र लाकूड घेतले, एक सामाईक शेड बांधली, तर वाळलेले लाकूड सगळ्यांना मिळेल. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतल्या दहा माणसांना संस्था नोंदता येते. शाळेच्या वीस दारांचे काम निघाले तर एकट्याला ते महिन्यात जमणार नाही. पण एकाच मापाने, एकाच रीतीने काम करणारे चौघे असले तर ते काम जिल्ह्याबाहेर जाणार नाही.

याला एक आक्षेप नेहमी येतो आणि तो खोटा नाही. "माझा नमुना मी दाखवला तर शेजारचा उचलील, आणि रुपयाने कमी भाव सांगून माझंच गिऱ्हाईक नेईल." असे होते. पण जरा विचार करा. नमुना कोणीही घरासमोर उभे राहून पाहू शकतो. झाकून तो राहत नाही. उचलता येत नाही तो हात, आणि हात वर्षांनी घडतो. भाव पाडणारा शेजारी बहुधा अनोळखी शेजारी असतो. ज्याच्या शेडमध्ये आपले लाकूड वाळते आहे, ज्याच्याकडून आपण रंध्याचे पाते मागून आणतो, त्याच्या पोटावर पाय देताना माणूस दहादा विचार करतो.

काम लोकांसमोर मांडण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल सजवून आणतात, उत्तम बैलाला बक्षीस मिळते, आणि तो कोणी घडवला ते विचारले जाते. आपल्याच जिल्ह्यात देऊळगाव राजाला बालाजीच्या उत्सवात लांबच लांब लाकडी लाटांचा मंडप पुष्कळांचे हात लागून उभा राहतो. दूर जपानात इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नवे बांधतात. २०१३ साली ते बासष्टाव्या खेपेला बांधले गेले. लाकूड वीस वर्षांत कुजते म्हणून नव्हे केवळ. वीस वर्षांत विशीतला उमेदवार चाळिशीतला कारागीर होतो आणि त्याच्या हाताखाली नवा विशीतला येतो. इमारत जुनी होऊ देत नाहीत, पण विद्या जुनीच्या जुनी हातोहात पुढे जाते.

शिकण्याचे दारही आता जातीपुरते राहिलेले नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम कोणालाही शिकता येते, मुलींनाही. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय धरले, त्यांत सुतारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने पहिल्यांदा १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद केलेली आहे. पण योजना हत्यार देईल, हात देणार नाही. तो पटाशी धरायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडूनच यायचा. आणि ते मिस्त्री दिवसेंदिवस थोडे होत आहेत.

आता तुम्ही सुतार नसाल तर तुमचे यात काय? पुष्कळ आहे. घर बांधायला घ्याल तेव्हा दारांचे पाया खोदतानाच सांगा, म्हणजे लाकडाला वाळायला वेळ मिळेल. शेतातला साग तोडायचा असेल तर १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याप्रमाणे परवानगी आधी काढा. नाहीतर लाकूड आणि मिस्त्री दोघेही अडकतात. चांगले दार पाहिले तर ते कोणी केले हे विचारा आणि त्याचे नाव चौघांना सांगा. आणि सुट्टीत तुमचा मुलगा किंवा मुलगी सुताराच्या दुकानापाशी रेंगाळली तर ओढून नेऊ नका. सुताचे दुसरे टोक धरायला तिथे कोणीतरी हवेच असते.