व्हेंटिलेटरची नळी नेमकी कुठे?

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरची नळी बहुधा तोंडावाटे श्वासनलिकेत घालतात. श्वासनलिका जिथे दुभंगते, त्याच्या साधारण 3 ते 5 सेंटिमीटर वर नळीचं टोक हवं. जास्त आत गेली तर ती बहुतेकदा उजवीकडे शिरते, कारण उजवी शाखा रुंद आणि अधिक सरळ असते. मग डाव्या फुप्फुसाला पुरेशी हवा मिळत नाही. नुसती हनुवटी झुकली तरी नळी खाली सरकते! म्हणून छातीचा एक्स-रे. एआय त्यात नळीचं टोक आणि श्वासनलिका दुभंगते ती जागा शोधून अंतर मोजतं. जीई हेल्थकेअरने 2020 मध्ये ही सोय फिरत्या एक्स-रे यंत्रातच आणली. मात्र नळी अन्ननलिकेत गेली का, हे उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून लगेच तपासतात. तिथे एक्स-रेची वाट पाहून चालत नाही.