किल्लीऐवजी बटण

मोटारीची किल्ली फिरवली, की इंजिन सुरू होते, हे तुम्ही पाहिले असेल. किल्लीमागे एक स्विच असतो. त्यातून इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी वीज जाते.

अमेरिकेत २००६ पासून ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ नावाच्या हौशी शर्यती होतात. (सतत बिघडणाऱ्या मोटारीला तिकडे ‘लेमन’ म्हणतात!) मोटार ५०० डॉलरांच्या आत तयार करायची, हा त्यांचा मूळ नियम. सुरक्षेच्या साधनांचा खर्च त्यात धरत नाहीत. अशा जुन्या मोटारीत स्विचच्या आतल्या पट्ट्या झिजलेल्या असतात. हादरा बसला, की वीज तुटते आणि भर शर्यतीत इंजिन बंद पडते. मागून वेगाने येणाऱ्याला ते कसे कळणार?

दोष शोधायला एक छोटा दिवा पुरतो. किल्ली हलवताना स्विचमध्ये येणाऱ्या तारेवर दिवा स्थिर राहिला आणि बाहेर जाणाऱ्या तारेवर लुकलुकला, तर दोष स्विचचाच. मग बॅटरीची तार सोडवून किल्लीच्या जागी साधा खटका आणि इंजिन सुरू करण्यासाठी एक बटण बसवतात. खर्च थोडाच येतो.

पण किल्लीबरोबर स्टीअरिंगचे कुलूपही असते. रस्त्यावरच्या मोटारीचे ते चोरापासून रक्षण करते. शर्यतीच्या मोटारीतून मात्र ते काढावेच लागते. नाहीतर ऐन वळणावर स्टीअरिंग अडकायचे!