कौल श्रोत्यांचा

परीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाइतका सुखी प्राणी जगात दुसरा नसेल, अशी माझी गेल्या वर्षापर्यंत समजूत होती. समोर पाण्याचा पेला, हातात टोक केलेली पेन्सिल, पुढ्यात गुणपत्रिका आणि व्यासपीठावर घाम पुसणारी तरुण मंडळी! आपण फक्त कान टवकारायचे आणि आकडे मांडायचे. मराठी शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या माणसाला याहून सोपे काम ते कोणते?

पण गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी निवेदन-स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो आणि ही समजूत तिथेच ठेवून घरी आलो.

स्पर्धा सर्वांना खुली होती. सोळा स्पर्धकांत एक जण त्या भागातल्या लहानशा रेडिओ केंद्राचा निवेदक होता. रोज संध्याकाळी तासभर बोलायचा. बाजारभाव, पाऊसपाणी, कुणाची शेळी हरवली, कुणाची मुलगी परीक्षेत पहिली आली, आणि मधून मधून गाणी. त्याच्या नावाचा पुकारा झाला मात्र, सभागृहाच्या मागच्या बाजूने टाळ्यांचा कडकडाट झाला. वळून पाहतो तो मागच्या चार रांगा भरलेल्या. ही सगळी त्याची श्रोतेमंडळी! रोज कानांनी ऐकलेला माणूस आज डोळ्यांनी पाहायला आली होती.

मुलाला विषय मिळाला ‘पहिला पाऊस’. तो पाच मिनिटे बोलला. दोनदा सभागृह हसले आणि एकदा असे शांत झाले, की छतावरच्या पंख्याची घरघर ऐकू आली. माझी पेन्सिल मात्र थांबली नव्हती. ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन आलं’ अशा न-णच्या अकरा चुका मी इमानेइतबारे नोंदवल्या. शंभरांपैकी चाळीस गुण उच्चारशुद्धीला होते. त्यातले मी त्याला बारा दिले. बक्षिसे तीन होती, मुलगा चौथा आला.

निकालानंतर चहा घेऊन बाहेर आलो, तो श्रोत्यांनी मला घेरलेच.

“मास्तर, त्याचं बोलनं आमाला समजतं. मग तुमाला का नाही समजलं?” हा प्रश्न भाजीची पाटी उतरवून आलेल्या एका बाईंचा.

“समजलं हो, पण शुद्ध नव्हतं,” मी म्हणालो.

“शुद्ध म्हंजे?” बाईंनी विचारले. मी चहाचा घोट घेतला.

एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्या मदतीला धावले. “बरोबर केलंत सर. रेडिओवर बोलणाऱ्यानं भाषा सांभाळायलाच हवी. पोरं त्याचं ऐकून लिहितात.” त्यावर एक रिक्षावाले म्हणाले, “गुरुजी, संध्याकाळी रेडिओ तर तुमीबी लावता की!” मुख्याध्यापक किंचित ओशाळले. “लावतो ना,” ते म्हणाले, “ऐकावंसं वाटतं त्याला!”

हे शेवटचे वाक्य माझ्याबरोबर गाडीत बसले आणि थेट डोंबिवलीपर्यंत आले.

घरी हा वृत्तान्त सांगितला तेव्हा वडील पेपर वाचत होते. तो खाली न ठेवताच ते म्हणाले, “तुझ्यासारख्याच कुणीतरी अमीन सयानींनासुद्धा नापास केलं होतं.”

वडिलांना या विषयावर बोलण्याचा अधिकार आहे. शाळकरी वयात ते गावातल्या श्रोता संघाचे चिटणीस होते. संघात अकरा मुले, एक रबरी शिक्का आणि शेजारच्या काकांचा रेडिओ. बुधवारी रात्री आठ वाजता पंचवीस मीटरवर रेडिओ सिलोन लावायचे, खरखरीतून ‘बिनाका गीतमाला’ शोधून काढायची, आणि मग आपल्या पसंतीच्या गाण्यांची यादी पोस्टाने मुंबईला धाडायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. त्या रात्री त्यांनी मला बरेच काही सांगितले. पुढे मीही वाचले, जुन्या मुलाखती ऐकल्या. आणि ऐकता ऐकता माझ्या त्या बारा गुणांचा मला अधिकाधिक संकोच वाटू लागला.

अमीन सयानींचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, मुंबईतला. घरात गुजरातीचे वातावरण आणि पहिले शिक्षणही गुजरातीतूनच. थोरले बंधू हमीद इंग्रजी निवेदनात नाणावलेले. त्यांचे बोट धरून धाकटाही लहानपणीच आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात शिरला आणि इंग्रजी कार्यक्रमांत बोलू लागला. पुढे हिंदी निवेदक होण्याची इच्छा झाली, तेव्हा चाचणी दिली. निकाल नकाराचा लागला. वाचन चांगले आहे, परंतु उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे, असे परीक्षकांचे मत पडले. हिंदी निवेदनाचा पुढे जो मानदंड ठरला, तो आवाज पहिल्याच परीक्षेत उच्चारांपायी अनुत्तीर्ण झालेला होता!

आता न्याय परीक्षकांनाही द्यायला हवा. त्यांनी दाखवलेला दोष खोटा नव्हता. खुद्द सयानींनी तो कधी नाकारला नाही. ते उच्चारांवर मेहनत घेत राहिले. पण त्यांच्यापाशी आणखी एक शिदोरी होती, आणि ती कोणत्याही गुणपत्रिकेत मावणारी नव्हती. त्यांच्या आई कुलसुम सयानी या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्या नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढीत. देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत ते निघे, पण भाषा एकच, साधी आणि सर्वांना कळेल अशी. नुकते अक्षर ओळखू लागलेल्या माणसाला कोणता शब्द कळेल आणि कोणता अडेल, याचा विचार त्या घरात रोज चाले. अमीन त्या कामात हातभार लावीत. पुढे करोडो लोकांना जी बोली आपली वाटली, तिचे वळण त्या पाक्षिकात घडले होते.

मग १९५२ साल उजाडले. नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे आले. केसकर मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे जाणकार आणि चाहते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची प्रामाणिक धारणा होती. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली. त्याच काळात संगीताची राष्ट्रीय सभा सुरू झाली आणि थोर गवई-वादकांचे गाणे-बजावणे घरोघर पोचले, हे श्रेयही विसरता कामा नये. एका अर्थी केसकरही परीक्षकाच्याच खुर्चीत बसले होते, आणि त्यांचीही पेन्सिल माझ्यासारखीच टोकदार होती! पण श्रोत्यांनी काय केले? रेडिओचा काटा हळूच फिरवला आणि सिलोन लावले.

३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. आरंभी ती अर्ध्या तासाची स्पर्धा होती. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायची आणि ती कोणत्या कालक्रमाने आली ते श्रोत्यांनी लिहून पाठवायचे. बक्षीस १०० रुपये. संहिता लिहायची, कार्यक्रम बसवायचा, बोलायचे आणि वर आलेली पत्रेही तपासायची, या सगळ्या कामाचा मोबदला आठवड्याला २५ रुपये! अनुभवी मंडळी एवढ्या पैशांत कुठून मिळणार? तेव्हा विशीही न ओलांडलेल्या अमीन सयानींच्या गळ्यात ही माळ पडली. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. पत्रे तपासता तपासता सर्वांना घाम फुटला, तेव्हा १९५४ मध्ये स्पर्धा बंद करून गाण्यांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी लावायचे ठरले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि तिथून लहरींवर स्वार होऊन तो आवाज पुन्हा आपल्या माजघरात येई. गंगेचे पाणी काशीहून आणावे तशी ही मुंबईची गाणी आपण लंकेहून आणवीत होतो!

येथे खरा प्रश्न उभा राहिला. श्रोत्यांचे मत म्हणजे कुणाचे मत, आणि ते मोजायचे कसे? निव्वळ फर्माइशी मोजाव्यात तर हौशी माणूस एका बैठकीत पन्नास कार्डे लिहील. आज झारखंडात असलेले, अभ्रकाच्या व्यापाराचे झुमरी तिलैया हे गाव तर केवळ फर्माइशींच्या जोरावर साऱ्या देशात गाजले. तबकड्यांची विक्री मोजावी, तर गाणे लोकांच्या ओठांवर आलेले असते, पण तबकडी अजून दुकानात पोचलेली नसते. म्हणून तोड अशी निघाली, की दुकानांतल्या विक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांचा कौल, दोन्ही विचारात घ्यायचे.

“म्हणजे तुमच्या अकरा जणांचं मत धरायचे तर!” मी वडिलांना म्हणालो.

“अकरांचं कसलं?” ते हसले. “ज्याचा रेडिओ, त्याचं मत! काकांना तलत आवडायचा. यादीत तलत नसला तर पुढच्या बुधवारी काकांच्या रेडिओचा दिवा जळायचा नाही.”

तेव्हा लोकमत हेही धुतल्या तांदळासारखे नसते. त्यात भिडा असते, हट्ट असतो, शेजारच्या काकांचा धाक असतो. पंचांमुखी परमेश्वर खरा, पण पंचांना चहा कोण पाजतो तेही पाहावे लागते! तरीही एकूण हिशेबात हा कौल फारसा चुकला, असे म्हणवत नाही. १९५३ च्या वार्षिक यादीत अग्रस्थान मिळाले ते ‘अनारकली’ चित्रपटातल्या लताबाईंच्या एका गीताला. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. ते गाणे आजही कुणी गुणगुणले, तर वडील पेपर खाली ठेवतात. शेवटी सरकारलाही श्रोत्यांची नाडी ओळखावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकरांच्याच कारकिर्दीत, ‘विविध भारती’ सुरू झाली. पुढे १९८९ मध्ये खुद्द ‘गीतमाला’ सिलोन सोडून विविध भारतीवर आली. मी ती ऐकली ती तेव्हा, सोमवारी रात्री, अंथरुणात पडल्या पडल्या.

सयानींच्या बोलण्यात असे काय होते? मला वाटते, ते लाखांशी बोलत नसत, एकाशी बोलत. ‘भाइयों और बहनों’ असे म्हणण्याचा प्रघात मोडून त्यांनी बहिणींना आधी हाक मारली. गाण्याच्या क्रमांकाला त्यांनी ‘पायदान’ म्हटले आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाण्यांची अशी काही हकीकत सांगितली, की ती गाणी आपल्याच चाळीतल्या जिन्यावरून ये-जा करीत आहेत असे वाटावे!

पण गंमत पुढेच आहे. सयानी नामवंत झाल्यावरची एक आठवण त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितली आहे. एक उंच, सडपातळ तरुण आवाजाची चाचणी देण्यासाठी त्यांच्या कचेरीत आला. वेळ ठरवून आला नव्हता. सयानी कामात गर्क. भेटायला वेळ नाही असा निरोप त्यांनी बाहेर पाठवला. तो तरुण म्हणजे अमिताभ बच्चन. एके काळी स्वतः चाचणीत नापास झालेला माणूस, पण परीक्षकाच्या खुर्चीत बसताच त्याचेही दार बंद झाले! सयानींनी ही गोष्ट लपवली नाही, मोकळेपणाने सांगितली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी ते गेले. मला त्यांच्या हजारो कार्यक्रमांइतकाच हा मोकळेपणाही मोठा वाटतो.

तेवढा मोकळेपणा मला जमेल का? प्रयत्न केला. त्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक मिळवला. म्हटले, “मी तुला कमी गुण देणारा परीक्षक.”

“हां सर! अकरा चुका,” तो पटकन म्हणाला. “कागद बघायला मिळाला होता आमाला. मी भिंतीला चिकटवलाय. आता नऊवर आलोय.”

मी काय बोलणार? चुका चुकाच होत्या. त्या मी दाखवल्या याचा मला पश्चात्ताप नाही, आणि त्यालाही राग नव्हता. माझा अपराध निराळाच होता. सभागृह शांत झाले होते तेव्हा मीही ऐकत होतो, माझेही मन क्षणभर ओलावले होते, आणि त्या क्षणासाठी माझ्या कागदावर रकाना नव्हता म्हणून मी तो क्षण सोडून दिला. रकाना नसेल तर समासात लिहायचे असते, हे मी विद्यार्थ्यांना वीस वर्षे सांगत आलो आहे!

यंदा त्याच स्पर्धेचे आमंत्रण पुन्हा आले. मी संयोजकांना लिहिले, की उच्चारांचे चाळीस गुण तीस करा, आणि दहा गुणांचा एक नवा रकाना घाला: ‘पुढे ऐकावेसे वाटते काय?’ उत्तर अजून आलेले नाही. नियम बदलायला समितीची सभा लागते म्हणे.

परवा त्या केंद्राचा कार्यक्रम मोबाइलवर लागतो असे कळले. संध्याकाळी मी आणि वडील ऐकत बसलो. कांद्याचा भाव झाला, एका आजींच्या हरवलेल्या चष्म्याची बातमी झाली. मधेच मुलगा म्हणाला, “आज कोन कोन ऐकतंय?”

“ण चुकला,” वडील म्हणाले.

मी आवाज कमी करायला हात पुढे केला, तशी त्यांनी माझे मनगट धरले.

“अरे, थांब! आजींचा चष्मा सापडला का, ते कळू दे.”