नेट स्लो आहे? आधी चोर ओळखा!

मित्रांनो, "नेट स्लो आहे यार!" हे वाक्य कानावर पडले नाही असा दिवस घरी काय किंवा होस्टेलवर काय, उगवतच नाही. यावर आपल्याकडे तीन रामबाण उपाय प्रसिद्ध आहेत. पहिला, राउटर बंद करून पुन्हा चालू करणे. दुसरा, कंपनीच्या नावाने बोटे मोडणे. आणि तिसरा, बाबांना पटवून मोठा प्लॅन घेणे! पहिल्याने कधी कधी खरेच गुण येतो, दुसऱ्याने मन हलके होते आणि तिसऱ्याने खिसा. पण आजार कोणता हे न बघता औषध देणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. लॅबमध्ये सर्किट चालेना तर आपण मल्टिमीटर घेऊन एकेक पॉइंट तपासतो, लगेच नवा पॉवर सप्लाय मागत नाही. मग घरच्या नेटवर्कला वेगळा न्याय का?

'स्लो' म्हणजे नक्की काय?

'स्लो' या एका शब्दात तीन आजार लपलेले असतात. समजा, रत्नागिरीहून पुण्याला आंबे पाठवायचे आहेत. ट्रकमध्ये एका वेळी पाचशे पेट्या बसतात, पण कुंभार्ली घाट चढून यायला त्याला रात्र लागते. उलट एखादा मोटरसायकलवाला एकच पेटी घेऊन ट्रकच्या कितीतरी आधी पोहोचतो. एका तासात किती माल आला, ही झाली बँडविड्थ. एक पेटी पोहोचायला किती वेळ लागला, हा झाला विलंब, म्हणजेच लेटन्सी. आणि वाटेत किती पेट्या पडल्या, हा झाला पॅकेट लॉस. सिनेमा डाउनलोड करायचा तर ट्रक हवा. गेम आणि व्हिडिओ कॉलला मोटरसायकल लागते. प्लॅन वाढवला की ट्रक मोठा होतो, घाट काही लहान होत नाही!

आणि घाट लहान होण्याला निसर्गाचीच मर्यादा आहे. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, जाऊन-येऊन २५ हजार. म्हणजे १२५ मिलिसेकंद तर नुसत्या प्रवासातच गेले, आणि समुद्रातल्या केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. अमेरिकेतल्या सर्व्हरवर गेम खेळताना पिंग २०० आला तर त्यावर जगातला कोणताही प्लॅन इलाज करू शकत नाही.

आणखी एक नेहमीचा गोंधळ. जाहिरातीतले '१०० एमबीपीएस' हे मेगाबिट असतात, आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसतात ते बहुधा मेगाबाइट. ८ बिटांचा १ बाइट, तेव्हा १०० भागिले ८ म्हणजे १२.५. तुम्हाला ११ च्या आसपास आकडा दिसत असेल तर लाइन ठणठणीत आहे, भांडायला जाऊ नका!

आपला मल्टिमीटर : पिंग

पिंग हा प्रोग्रॅम माईक मूस या अमेरिकन संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा 'पिंग' असा आवाज येतो, त्यावरून हे नाव. एक छोटे पॅकेट पाठवायचे आणि उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचे, बस्स. पण तो कुठे मारायचा, यातच सगळी गंमत आहे.

आपल्या लॅपटॉपपासून वेबसाइटपर्यंतच्या रस्त्याचे तुकडे पाडा : लॅपटॉप ते राउटर, राउटर ते कंपनी, आणि कंपनी ते जग. सोसायटीत नळाला पाणी नसले की आपण आधी शेजारी विचारतो, मग गच्चीवरची टाकी बघतो, मग महापालिकेला फोन करतो. तसेच इथेही. सर्वांत आधी पिंग मारायचा तो आपल्याच राउटरला. बहुतेक घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. केबल लावली असेल तर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत-बाहेर यायला हवे, वाय-फायवर चांगल्या स्थितीत चार-पाच. इथेच आकडा १०० च्या वर उड्या मारत असेल किंवा मधूनच उत्तर येत नसेल, तर चोर घरातच आहे. कंपनीला फोन लावून काही उपयोग नाही.

घरातले नेहमीचे संशयित

पहिला संशयित वाय-फाय. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच वापरता येतात : १, ६ आणि ११. आपल्या फ्लॅटवजा इमारतीत एकाच वेळी पंधरा-वीस राउटर दिसतात, म्हणजे गणित तुम्हीच करा. शिवाय एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते. बाकीच्यांनी थांबायचे, अगदी व्हायवाच्या रांगेसारखे! एखादा जुना फोन लांबच्या खोलीतून अडखळत बोलत असेल तर तो सगळ्यांचा वेळ खातो. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गोंगाट करतो. उपाय साधा : जवळच्या उपकरणांना ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथे जागा जास्त आहे, पण भिंती भेदण्याची ताकद कमी. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा.

दुसरा संशयित केबल. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसचे इथरनेट त्यांतल्या चारच वापरते, गिगाबिटला मात्र आठही लागतात. एखादी तार दाराच्या फटीत चेंगरली, तर लिंक बऱ्याचदा गुपचूप १०० वर येते आणि काम चालूच राहते! मोठ्या प्लॅनवर वेग नेमका ९०-९५ ला अडकला असेल तर आधी केबल बदलून पाहा.

तिसरा संशयित डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सोय. लक्षण ओळखायला सोपे : पान उघडायला तीन-चार सेकंद काहीच होत नाही, आणि मग एकदम सगळे येते. दुसरा डीएनएस सर्व्हर लावून बघा. गूगलचा ८.८.८.८ हा २००९ पासून सर्वांना मोफत खुला आहे.

सर्वांत छुपा चोर : रांग

चौथा संशयित मात्र पक्का बिलंदर आहे. आमच्या घरी रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास व्हिडिओ कॉल तुटायचे. ताईचा ऑनलाइन इंटरव्ह्यू दोन दिवसांवर आला होता, तोही नेमका संध्याकाळचा. बाबांनी महिन्याला तीनशे रुपये जास्तीचा प्लॅन घ्यायचे ठरवूनही टाकले होते. मी राउटरला पिंग मारला : २ मिलिसेकंद. बाहेर ८.८.८.८ ला मारला : दुपारी १५, संध्याकाळी साडेसातला ६००! राउटरच्या पानावर कोणते उपकरण किती डेटा पाठवते ते पाहिले, तर चोर बाबांच्याच खिशात निघाला. ऑफिसातून आल्यावर त्यांचा फोन वाय-फायला जोडला जाई आणि लग्नसमारंभाचे व्हिडिओ बॅकअपसाठी वर चढवू लागे.

६०० चा आकडा कुठून आला? आमच्या लाइनचा अपलोड वेग ५ एमबीपीएस. राउटर जादा पॅकेट टाकून न देता बफरमध्ये रांग लावतो. रांगेत १५०० बाइटची २५० पॅकेट असतील तर झाले ३ लाख ७५ हजार बाइट, म्हणजे ३० लाख बिट. सेकंदाला ५० लाख बिटांनी ही रांग सरायला ०.६ सेकंद लागतात, आणि ताईच्या आवाजाचे इवलेसे पॅकेट या रांगेच्या शेपटाला उभे! डाउनलोडसुद्धा मंदावते, कारण "माल मिळाला" अशी पोचही याच रांगेतून जाते. मोठ्या प्लॅनने रांग थोडी लवकर सरली असती, पण लागायची राहिली नसती.

या रोगाला बफरब्लोट म्हणतात. २०१० मध्ये जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला तो स्वतःच्या घरच्या नेटवर्कवरच सापडला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर 'कोडेल' नावाची पद्धत मांडली : रांग किती लांब आहे ते न बघता पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळले ते बघायचे, आणि वेळ सतत जास्त दिसली तर काही पॅकेट मुद्दाम टाकून पाठवणाऱ्याला इशारा द्यायचा. तिची 'एफक्यू-कोडेल' ही सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली. छोट्या प्रवाहांना ती रांगेत अडकू देत नाही. काही राउटरमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'क्यूओएस' या नावाखाली असा पर्याय मिळतो. आमच्या राउटरमध्ये फक्त मर्यादा घालायची सोय होती. मी अपलोडला ४.५ एमबीपीएसची एकूण मर्यादा घातली, बाबांच्या फोनला त्यातले ३, आणि बॅकअपची वेळ रात्री दोनची केली. पिंग २० वर आला. ताईचा इंटरव्ह्यू पाऊण तास एकदाही न अडकता पार पडला, आणि तीनशे रुपये वाचले ते वेगळेच!

मग कंपनीची चूक कधी?

कंपनी कधीच चुकत नाही असे मुळीच नाही. पण ते सिद्ध करायची पद्धत आहे. बाकी सगळी उपकरणे बंद करून लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. तीन दिवस पहाटे आणि रात्री नऊला वेग आणि पिंग मोजून वहीत लिहा. पहाटे पूर्ण वेग आणि रात्री निम्मा असेल, तर गर्दी बहुतेक बाहेरच्या लाइनवर आहे. मग आकडे घेऊन तक्रार करा. "नेट स्लो आहे" म्हणणाऱ्याला "राउटर रीस्टार्ट करा" एवढेच उत्तर मिळते. तारीख-वेळेसकट तक्ता देणाऱ्याला ते सांगून कटवणे अवघड जाते.

तर मंडळी, क्रम ध्यानात ठेवा : आधी राउटरला पिंग, मग केबल लावून तुलना, मग रिकाम्या आणि भरल्या लाइनवर बाहेरचा पिंग, आणि शेवटी कंपनी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाने आला तेच कळणार नाही. आणि हो, हे सगळे करण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा फोन काय काय वर चढवतो आहे ते एकदा पाहून घ्या!