कट्ट्यावर भेटणारा क्लायंट

‘फ्रीलान्सिंग करायचंय’ असं ठरवलं की पहिली पायरी हल्ली सगळ्यांची सारखीच असते. अपवर्क किंवा फायव्हरवर प्रोफाइल काढायचं, त्यातल्या त्यात बरा फोटो लावायचा आणि वाट बघायची. मग कळतं की अपवर्कवर एखाद्या कामासाठी अर्ज करायचा तर ‘कनेक्ट्स’ खर्चावे लागतात, आणि ते संपले की विकत घ्यावे लागतात. फायव्हर प्रत्येक ऑर्डरमागे २० टक्के कापून घेतं. म्हणजे हजाराचं काम केलं की हातात आठशे. पण ही पुढची गोष्ट झाली. आधी ती ऑर्डर तर यायला हवी! रिव्ह्यू नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून रिव्ह्यू नाही, या चक्रात सेकंड इयरचं अख्खं वर्ष निघून जातं.

या साइट्स वाईट आहेत असं नाही. पण तो बाजार आहे, आणि बाजारात नवख्याला कोणी ओळखत नसतं. ओळख होते ती कट्ट्यावर. कॉलेजच्या कट्ट्यावर नाही का, कुणाला पोस्टर चांगलं जमतं, कोण वेळेवर जर्नल पूर्ण करतं आणि कोण नुसत्या गप्पा हाणतं, हे न सांगता सगळ्यांना माहीत असतं. गॅदरिंगचं पोस्टर कुणाकडे द्यायचं याची चर्चा दोन मिनिटांत संपते. इंटरनेटवर प्रत्येक कामाचे असे कट्टे आहेत. अनुवादकांचे आहेत, थ्रीडीवाल्यांचे आहेत, कोडिंगवाल्यांचे तर गल्लोगल्ली आहेत.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक गाजलेला निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं होतं की ही नोकरी तुम्हाला कुणामुळे कळली? ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती त्यांच्यातल्या जेमतेम १७ टक्के लोकांची ती ओळख नेहमी भेटणारी होती. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या, ‘अरे, हा अमुकतमुक ना’ अशा माणसाकडून बातमी लागली होती. कारण साधं आहे. जिवलग मित्राला जे माहीत असतं ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. ऑनलाइन कट्टा म्हणजे अशा लांबच्या ओळखींचं कोठारच.

आता एक कट्टा जरा नीट बघू. भाषा विषय घेतलेल्यांना ‘पुढे काय करणार?’ हा प्रश्न नातेवाइकांकडून फार विचारला जातो, म्हणून अनुवादाचाच घेऊ. प्रोझ डॉट कॉम ही साइट १९९९पासून चालू आहे. जगभरातले अनुवादक आणि त्यांना काम देणाऱ्या एजन्सी तिथे असतात. तिथला सगळ्यात मजेशीर भाग म्हणजे ‘कुडोझ’. एखादा शब्द अडला की अनुवादक तो संदर्भासकट तिथे टाकतो. बाकीचे उत्तरं सुचवतात, एकमेकांच्या उत्तरांवर वाद घालतात, आणि विचारणारा त्यातलं एक निवडतो. निवडलं गेलेल्या उत्तराला गुण मिळतात. त्या भाषाजोडीच्या यादीत तुमचं नाव कितव्या नंबरला दिसणार, हे ठरवताना हे गुण धरले जातात.

पण गुणांपेक्षा महत्त्वाचं असतं ते उत्तर. समजा, औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णांसाठीचं संमतीपत्र इंग्रजीतून मराठीत करायचंय आणि ‘प्लासिबो’ अडला. कुणी म्हणेल, ‘प्लासिबो’च ठेवा. कुणी शब्दकोशातून एक जडजंबाल संस्कृत शब्द काढून देईल. तिसरा म्हणेल की हे पत्र एखाद्या तालुक्याच्या गावचा रुग्ण वाचणार आहे, त्याला सही करण्याआधी कळायला हवं. म्हणून ‘औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी’ असं लिहा आणि कंसात ‘प्लासिबो’ द्या. एजन्सीत प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या व्यक्तीला मराठीचा गंध नसला तरी हा तिसरा माणूस विचार करून काम करतो, हे तिला समजतं. सीव्हीत ‘हार्डवर्किंग अँड पॅशनेट’ लिहून हे कधीच समजणार नाही. शिवाय हे उत्तर तिथेच राहतं. दोन वर्षांनी कुणी तोच शब्द शोधला तरी ते सापडतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिलेलं सोन्यासारखं उत्तर संध्याकाळपर्यंत ‘हॅपी बर्थडे’च्या खाली गाडलं जातं. त्यामुळे जिथलं बोलणं शोधता येतं असा कट्टा आधी गाठावा, असं माझं मत.

थ्रीडी करणाऱ्यांसाठी ब्लेंडर आर्टिस्ट्स आहे. तिथे अर्धवट काम टाकलं तरी चालतं, उलट अर्धवटच टाकावं. ‘सावली उलट्या बाजूला पडलीय’ हे फुकटात सांगणारे लोक भेटतात, आणि त्यातल्या कुणाला कधी मदतनीस लागला तर आधी ओळखीचा हात आठवतो. कोडिंगवाल्यांना गिटहबवरचं ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल माहीत असेलच. नसेल तर आजच शोधा. ज्यांच्याकडे दाखवायला काहीच नाही त्यांच्यासाठी मराठी विकिपीडिया आहे, २००३पासून चालू असलेला. फायरफॉक्सचा मराठी इंटरफेस मोझिलाच्या ‘पाँटून’ या मंचावर स्वयंसेवकांनी केलेल्या अनुवादातून घडतो. तिथे पैसे मिळत नाहीत. पण तुमच्या नावावर तारखेसकट नोंद राहते आणि तिची लिंक कुणालाही पाठवता येते. एखाद्या कंपनीसाठी ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणून फुकट राबण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

तिथे जाऊन बोलायचं कसं, हा खरा प्रश्न. आपल्याकडे कुणी कामाची पोस्ट टाकली की खाली रांग लागते: ‘इंटरेस्टेड’, ‘इंटरेस्टेड सर’, ‘प्लीज चेक डीएम’. पोस्ट टाकणारा बिचारा कुणाकुणाचा डीएम चेक करणार? त्यापेक्षा एवढंच लिहा: ‘मी इंग्रजी–मराठी आरोग्यविषयक मजकूर करते. हा माझा एक पानाचा नमुना. तुमच्या मजकुराचं काम शुक्रवार संध्याकाळपर्यंत देऊ शकेन.’ तीन वाक्यं, संपलं. ‘सर’ म्हणायची गरज नाही, समोर बाई असण्याची शक्यता निम्मी आहे.

त्याआधी आठवडा-दोन आठवडे नुसतं वाचा. प्रत्येक कट्ट्याचे नियम वेगळे असतात. रेडिटच्या ‘फॉर हायर’ या कट्ट्यावर काम देणाऱ्याने ‘हायरिंग’ आणि काम मागणाऱ्याने ‘फॉर हायर’ असा टॅग पोस्टच्या सुरुवातीला लावायचा असतो. काही ठिकाणी कामाच्या जाहिरातीला पूर्ण बंदी असते. अशा ठिकाणी पहिल्याच दिवशी ‘मला काम द्या’ म्हणणं म्हणजे लग्नात शिरून थेट पंगतीत बसण्यासारखं.

खरं सांगायचं तर कट्ट्यावर क्लायंटपेक्षा सोबती जास्त कामाला येतात. एकट्याने घरी बसून काम करणाऱ्याला भाव कळत नाही. अनुवादाचा दर बहुतेक वेळा मूळ मजकुराच्या शब्दावर ठरतो, मशीनने केलेल्या अनुवादाची डागडुजी करायची असेल तर कमी सांगितला जातो, आणि त्या डागडुजीला कित्येकदा नव्याने अनुवाद करण्याइतकाच वेळ लागतो, हे तुम्हाला क्लायंट सांगणार नाही. तेच काम करणारा दुसरा सांगेल. हातात जास्त काम आलं की तोच तुमच्याकडे वळवेल. आणि कुणी पैसे बुडवतो, तेही तोच सांगेल. प्रोझवर तर यासाठी ‘ब्लू बोर्ड’ आहे. ज्यांनी एखाद्या एजन्सीसाठी काम केलंय ते ‘पुन्हा यांच्यासोबत काम कराल का?’ याला एक ते पाचमध्ये गुण देतात. होकार कळवण्याआधी तिथे डोकावायला दोन मिनिटं लागतात.

कट्ट्यावर भामटेही येतात, हे सांगायला नकोच. काम देण्यासाठी रजिस्ट्रेशन फी किंवा डिपॉझिट मागितलं की विषय तिथेच बंद करायचा. टेलिग्रामवर ‘व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा’वाले सुरुवातीला शे-दोनशे खरंच देतात, आणि मग ‘मोठ्या टास्क’साठी तुमच्याकडूनच पैसे भरून घेतात. डेटा एंट्रीच्या कामात आधी ‘अॅग्रीमेंट’वर सही घेऊन नंतर ‘चुका जास्त झाल्या, दंड भरा, नाहीतर केस करू’ अशी वकिलाच्या नावाची बनावट नोटीस पाठवण्याचा प्रकार जुना आहे आणि त्याला घाबरून विद्यार्थी पैसे भरतात. भरू नका. घरी सांगा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पळते. टेस्टच्या नावाखाली दोन-तीनशे शब्द करून द्यायला हरकत नाही. दहा पानांची ‘टेस्ट’ म्हणजे फुकटात उरकलेलं काम.

काम मिळालं की दर, तारीख आणि किती वेळा बदल करून देणार हे मेलवर लिहून घ्यायचं. अनोळखी क्लायंट असेल तर थोडे पैसे आधी मागायला लाजू नका. पॅन कार्ड हवंच. मोठी रक्कम असेल तर इथली कंपनी टीडीएस कापेल; वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, आणि कित्येक जण केवळ कंटाळ्यापायी तो सोडून देतात. परदेशातल्या क्लायंटकडून पेपालने पैसे घेता येतात, मात्र भारतातल्या भारतात देण्याघेण्यासाठी ती सोय १ एप्रिल २०२१पासून बंद आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. आधारच्या आधारे उद्यम पोर्टलवर मोफत नोंदणी केली की एकट्याने सेवा देणाराही ‘सूक्ष्म उद्योग’ ठरू शकतो. २००६च्या कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, आणि ऑनलाइन तक्रार करता येते. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. बिलावर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्स विभागाचा ‘नेक्स्ट मंथ बघू’वाला सूर जरा बदलतो.

राहिला वेळेचा प्रश्न. अमेरिकेत पूर्वेकडची ऑफिसं सुरू होतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात वाजलेले असतात, म्हणजे लेक्चर आणि लोकल दोन्ही आटोपून तुम्ही घरी पोहोचलेले असता. चांगल्या पोस्ट त्याच सुमारास येऊ लागतात. फक्त सबमिशनच्या आठवड्यात प्रोफाइलवर ‘सध्या उपलब्ध नाही, अमुक तारखेपासून आहे’ असं स्वच्छ लिहून ठेवा. तारीख दिलेली असली की लोक थांबतात.