जुनी बैलगाडी, नवी चाके

गोठ्याच्या मागे एक जुनी गाडी पडलेली असते. वडिलांच्या वेळची. धाव गंजलेली, आरे खिळखिळे, साट्यावर कोंबड्या बसतात. घरचे बैल दावणीला उभे, आणि शेणखत न्यायला मात्र ट्रॅक्टर भाड्याने आणायचा! अशी गाडी पुन्हा कामाला लागेल का? पुष्कळ वेळा लागते. पण खर्च करण्याआधी तिला नीट तपासले पाहिजे.

एक हातोडी आणि एक मोठा खिळा घ्या. साट्याखालची दोन लांब लाकडे ठोकत जा. चांगले लाकूड खणखणीत बोलते. कुजलेले किंवा वाळवीने पोखरलेले लाकूड भद्द वाजते. जिथे शंका येईल तिथे खिळा टोचा. तो लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर तो भाग गेला असे समजा. कूज लपते कुठे? जिथे लाकडाला लोखंड टेकते तिथे, आणि खाचांत, जिथे पावसाचे पाणी साचते. वरून रंग चांगला दिसतो म्हणून फसू नका. फळ्या बदलता येतात, दांडी बदलता येते. पण दोन्ही लांब लाकडे गेली असतील तर आमचे मत स्पष्ट आहे. त्या गाडीवर पैसा घालू नका. लोखंड काढून घ्या, बाकी चुलीला.

आता चाके. लाकडी चाकात मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेरचा लाकडी गोल आणि त्यावर लोखंडी धाव असते. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात. मग गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवतात. तापली की लोखंड फुगते आणि धाव चाकावर बसते. लगेच पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि सगळे सांधे घट्ट आवळते.  उन्हाळ्यात लाकूड वाळून धाव ढिली होते, तेव्हा लोक चाक ओढ्यात भिजत ठेवतात. त्याने चार दिवस निभतात, पण तो इलाज नव्हे.

लाकडी चाक चांगले असेल आणि गाडी शेतातच राहणार असेल, तर धाव पुन्हा चढवून घ्या. तेवढे पुरे. पण माल घेऊन डांबरी रस्त्याने जायचे असेल तर टायरची चाके बरी. टायर रुंद असतो, म्हणून मऊ जमिनीत कमी रुततो. छऱ्याच्या बेअरिंगवर चाक हलके फिरते. बैलांचा जोर वाचतो. हे सरकारनेही मानले आहे. जनावरांवर जुलूम होऊ नये म्हणून १९६५ साली नियम झाले. त्यांत मध्यम अंगाच्या एका बैलाच्या दोन चाकी गाडीला टायर नसेल तर ७०० किलोची मर्यादा आहे. हवेचे टायर असतील तर १०५० किलोची. म्हणजे दीडपट. त्याच नियमांत असेही आहे की बैलाला दिवसात ९ तासांपेक्षा जास्त जुंपू नये, आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त तर नाहीच.

जुना आख आणि टायर भंगाराच्या दुकानात मिळतात. घेताना आख दोन दगडांवर उचलून ठेवा आणि चाक हाताने फिरवा. चाक लटपटले तर रिम वाकलेली असेल किंवा बेअरिंग ढिले झाले असेल. आतून करकर आवाज आला तर बेअरिंग गेले आहे. टायरची नक्षी झिजलेली चालेल, कारण बैलगाडीला वेग नसतो. पण कडेला भेगा पडून आतले धागे दिसत असतील तर घेऊ नका. दोन्ही टायर एकाच मापाचे हवेत. नाहीतर गाडी जन्मभर एका अंगावर चालेल.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. लाकडी चाक मोठे असते, टायरचे लहान. चाक बदलले की आख वीतभर किंवा जास्तच खाली येतो. बैलाची मान मात्र आहे तिथेच. मग दांडी पुढे वर चढते आणि साटा मागे कलतो. ओझे मागे गेले की जू वर उचलते आणि जोते बैलाच्या गळ्याला आवळते. बिचारा बैल बोलत नाही, घोरतो. म्हणून आख आणि साटा यांच्या मध्ये जाड ठोकळे घालून साटा उंच करावा. ठोकळे खिळ्यांनी नको, नट-बोल्टने आवळा.

उलट ओझे फार पुढे आले तर सगळा भार मानेवर पडतो आणि खांदेसूज होते. सुजलेल्या खांद्याचा बैल ऐन हंगामात बसून राहतो. ते नुकसान टायरच्या किमतीपेक्षा मोठे. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. सपाट जागी गाडी भरा, बैल जुंपू नका. दोघांनी मिळून जू उचलून पाहा. ते आपोआप वर जात असेल तर ओझे पुढे घ्या. दोघांना उचलत नसेल तर मागे सारा. थोडा भार मानेवर हवाच, पण थोडाच. जू ज्या जागी मानेवर टेकते ती जागा रुंद आणि गुळगुळीत असावी. भेग पडलेले जू टाकून द्या.

टायरगाडी हलकी पळते, म्हणून उताराला ती बैलांच्या अंगावर येते. तेव्हा ब्रेक बसवून घ्या. टायरवर दाबणारा लाकडी ठोकळा आणि हाताशी एक दांडा, एवढ्याने काम होते. वेल्डिंगवाला हे सहज करून देतो.

बाकीचे ज्याच्या त्याच्या कामावर. खतासाठी बाजूच्या फळ्या काढता-घालता येतील अशा करा. धान्यासाठी तट्ट्या लावा. मोटारीचे जळके तेल फळ्यांना लावू नका, धान्याला वास लागतो. जवसाचे तेल चांगले. लोखंडाला आधी रेड ऑक्साईड, मग रंग.

उसाच्या गाडीवाल्यांनी तर एक काम आधी करावे. बीडकडची हजारो कुटुंबे दरसाल ऊसतोडीला जातात. फडातून कारखान्याकडे गाड्या अंधारातही चालतात. मागून मोटार येते आणि तिला गाडी दिसतच नाही. गाडीला लाल चमकपट्टी लावलेली असते, पण वर उसाची वाढी लोंबते आणि पट्टी झाकून जाते! म्हणून दुसरी पट्टी एका फडक्यावर शिवा आणि गाडी भरल्यावर ते फडके मोळ्यांच्या शेवटी बांधा. पुढे पांढरी पट्टी लावा. बैलांच्या शिंगांनाही लावली तर उत्तम.

गाडी तयार झाली की पहिले दोन दिवस निम्म्याच ओझ्याने चालवा. नवे लाकूड बसते, बोल्ट ढिले होतात. तिसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आवळा. बेअरिंगमध्ये ग्रीस भरा आणि टायरची हवा पाहा. मगच पूर्ण ओझे घाला.